श्रमिक गाड्यांचे भाडे कोणी द्यायचे? २०२० मधील एका प्रश्नाचा इतिहास

१/ २८ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला : स्थलांतरित मजुरांकडून रेल्वेचे वा बसचे भाडे घेऊ नये. तोपर्यंत सुमारे ५० लाख मजूर श्रमिक विशेष गाड्यांतून रवानाही झाले होते. मोफत प्रवासाचा हक्क स्पष्ट होण्यास इतका विलंब का लागला, याचा हा मागोवा. 🧵

२/ प्रारंभ १८९७ पासून करावा लागतो. मुंबई इलाख्यात प्लेग पसरला असता इंग्रज सरकारने साथरोग अधिनियम केला. रेल्वे प्रवाशांची तपासणी करण्याचा अधिकार त्यात आहे. उपाययोजनांचा खर्च कोणी व कसा सोसावा, हे ठरवण्याचाही आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने हाच कायदा लागू केला.

३/ २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. प्रवासी गाड्या त्याआधीच थांबल्या होत्या. शहरांत रोजगार बुडालेले लाखो लोक पायी निघाले. १४ एप्रिलला टाळेबंदी वाढली, त्या दिवशी वांद्रे स्थानकाबाहेर मोठा जमाव जमला.

४/ १ मे रोजी तेलंगणातील लिंगमपल्लीहून झारखंडमधील हटियाकडे पहिली श्रमिक गाडी सुटली. त्याच रात्री नाशिकहून भोपाळकडेही एक गाडी निघाली.

५/ मात्र या गाडीत बसण्यासाठी केवळ स्थानकावर जाणे पुरेसे नव्हते. मुंबईत पोलीस ठाण्यात अर्ज करून यादीत नाव लावावे लागे. शिवाय स्वगृही राज्याची संमती हवी. सुरुवातीला डॉक्टरांचा दाखलाही हवा होता, त्यासाठी दवाखान्यांपुढे रांगा लागल्या. पुढे महाराष्ट्राने ही अट काढली.

६/ आणि भाडे? रेल्वेच्या २ मेच्या सूचनांनुसार तिकिटे राज्य सरकारकडे सोपवली जात. राज्याने प्रवाशांकडून पैसे गोळा करून रेल्वेकडे भरावेत, अशी व्यवस्था होती. त्यावर टीका होताच केंद्राने ८५ टक्के भार रेल्वे उचलते, असे सांगितले. परंतु तो हिशेब गाडी चालवण्याच्या एकूण खर्चाचा होता. शयनयानाचे नेहमीचे भाडे उरतच होते.

७/ पुढे महाराष्ट्राने मुख्यमंत्री साहाय्यता निधीतून हे भाडे भरण्यास आरंभ केला, तसेच एसटीच्या गाड्यांतून मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत विनामूल्य पोहोचवले.

८/ ८ मेच्या पहाटे तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर निजलेले १६ मजूर मालगाडीखाली मरण पावले. जालन्यातील पोलाद कारखान्यात राबणारे हे लोक मध्य प्रदेशात परतण्यासाठी गाडी मिळेल या आशेने भुसावळकडे चालले होते. पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आले नाही, असे बचावलेल्या सोबत्यांनी तेव्हा सांगितले.

९/ १९ मे रोजी नव्या कार्यपद्धतीने स्वगृही राज्याच्या संमतीची अट गेली. २८ मे रोजी भाडे राज्यांनी वाटून घ्यावे, असे न्यायालयाने ठरवले. ९ जूनला उरलेल्या मजुरांना १५ दिवसांत पोहोचवण्याचा आदेश झाला. ऑगस्टअखेर ४,६२१ गाड्यांतून सुमारे ६३ लाख प्रवासी गेले.

१०/ या तारखा एका ओळीत मांडल्या की क्रम ध्यानात येतो. प्रवाशाची तपासणी व कागदपत्रे पहिल्या गाडीपासून आवश्यक होती. भाडे कोणी द्यायचे, हे देशभरासाठी ठरण्यास जवळपास चार आठवडे लागले. १८९७ च्या कायद्यात दोन्ही अधिकार एकाच कलमात आहेत.