कला कोणाची, चेहरा कोणाचा?

माळव्यातील आपण मराठी मंडळी आपल्या पूर्वजांची हकिकत सांगू लागलो, की ती राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर यांच्यापासून सुरू होते. मग रामचंद्रबाबा सुखटणकरांनी महाकालाच्या देवळाचा केलेला जीर्णोद्धार येतो, त्यामागून सरदार, कमाविसदार, फडणीस, पुराणिक आणि मोडीतील दफ्तरे येतात. या हकिकतीत एक नाव सहसा येत नाही. ते सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. लष्करी शाळेतील शिक्षक या नात्याने ते महूच्या छावणीत होते आणि तेथेच १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. उज्जैनपासून महू अवघे ऐंशी किलोमीटर. नोकरीनिमित्त माळव्यात आलेले एक मराठी कुटुंब, एवढ्याच निकषावर पाहिले तर रामजी सुभेदार आणि आपले पणजोबा यांच्यात काही अंतर नाही. तरीही आपल्या यादीत त्यांना जागा मिळालेली नाही.

शासकीय सेवेत असताना १४ एप्रिलच्या मेळ्याच्या व्यवस्थेसाठी काही वर्षे महूस जाण्याचा मला योग आला. खानदेश-विदर्भातून आलेली गायकांची पथके तेथे रात्रभर गात असत. माळव्यात एका ठिकाणी एवढी मराठी मी आपल्या गणेशोत्सवातही ऐकली नव्हती. ढोलकी, तुणतुणे आणि खड्या आवाजातील ती गायकी ऐकताना एक प्रश्न मनात आला, तो पुढे गेला नाही. ज्या कलेचे सूर मी मराठी चित्रपटांतून लहानपणापासून ऐकत आलो, ती कला पिढ्यान् पिढ्या जतन करणाऱ्यांचे चेहरे मी पडद्यावर कधी पाहिले होते काय?

हा प्रश्न अमेरिकेत फार पूर्वी विचारला गेला आहे. ऑथेल्लो हा कृष्णवर्णीय नायक आपल्याला देवलांच्या 'झुंझारराव'मुळे परिचित आहे. पण अमेरिकेत ही भूमिका दीर्घकाळ तोंडाला रंग फासलेले गोरे नटच करीत. ब्रॉडवेच्या रंगभूमीवर पॉल रोबसन हा कृष्णवर्णीय नट ऑथेल्लो म्हणून उभा राहिला तो १९४३ साली. त्याआधी १९४० मध्ये हॅटी मॅक्डॅनियल या अभिनेत्रीला 'गॉन विथ द विंड'मधील दासीच्या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. हा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. तिचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. पारितोषिकाच्या रात्री तिला आपल्या सहकलाकारांपासून वेगळ्या मेजावर बसविले होते आणि अटलांटा शहरी झालेल्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला तर तिला जाताच आले नव्हते. पुढे सिडनी पॉयटिएला प्रमुख अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले १९६४ साली आणि हॅली बेरीला प्रमुख अभिनेत्रीचे मिळाले २००२ साली. दासीच्या भूमिकेपासून नायिकेच्या सन्मानापर्यंत यायला बासष्ट वर्षे लागली.

वर्ण आणि जात यांची अशी तुलना करणे काहींना ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. परंतु ही तुलना मराठीत आज सुरू झालेली नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती मागविली. १९७२ मध्ये मुंबईत 'दलित पँथर' स्थापन झाली, तिचे नावही अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर'वरून घेतलेले. तेव्हा ही वाट जुनी आहे. नट-नट्यांच्या संदर्भात तिच्यावरून आपण फारसे चाललो नाही, एवढेच.

आता आपल्या कलेकडे वळू. उत्तर पेशवाईतील शाहिरांत रामजोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, सगनभाऊ मुसलमान. शाहिरीची बैठक अशी सर्वांची होती. पुढे तमाशाला जे नाट्यरूप आले, ते मात्र मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी या समाजांतील कलावंतांच्या हातून आले. पहिला वग म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो 'मोहना बटाव' १८६५ च्या सुमाराचा, उमा-बाबू सावळजकरांच्या फडाचा. त्यांतील उमा हा मांग समाजातला. म्हणजे किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये रंगभूमीवर येण्यापूर्वी पंधरा वर्षे हा वग उभा राहिला होता. आपल्या उज्जैनच्या माचात स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले. तमाशात मात्र स्त्री स्वतः उभी राहिली आणि त्याची किंमतही तिनेच मोजली.

पठ्ठे बापूराव आणि पवळा यांची कथा आपल्या घरांतही ठाऊक असते. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष गावचा ब्राह्मण तरुण तमाशात गेला, बहिष्कृत झाला आणि मोठा कवी ठरला. ही कथा आपण बापूरावांच्या त्यागाची कथा म्हणून सांगतो. संगमनेरकडच्या हिवरगावची पवळा ही त्याच फडाचे बळ होती. तिला पाहण्या-ऐकण्यासाठी लोक लोटत. तिच्यावाचून बापूरावांची लावणी कागदावरच राहिली असती. तथापि कथेत तिची जागा मोहाची, आणि त्याग तेवढा त्यांचा.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे आयुष्य तर आपल्या हयातीतलेच. वग चालू असताना कनातीआड प्रसूती झाली आणि त्या पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वत्र सांगितली जाते. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी त्यांनी जवानांसमोर कार्यक्रम केले. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला; तरी अखेरची वर्षे विपन्नावस्थेत गेली. आज त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासन जीवनगौरव पुरस्कार देते.

चित्रपटाने या कलेचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९१३ मध्ये फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळाली नाही आणि साळुंके नामक पुरुषाने ती केली, कारण धंदाच हलका समजला जाई. पुढे १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त दुर्गा खोटे यांच्यासारख्या घरंदाज स्त्रिया पडद्यावर आल्या आणि धंद्याला प्रतिष्ठा आली. ती यायला हवीच होती. परंतु धंदा प्रतिष्ठित झाला तसा त्याच्या दारातील उंबरठाही उंच झाला. नट आले ते बहुतांशी नाटक मंडळ्यांतून. संवादांची भाषा पुस्तकी. भांडवल आणि ओळखीपाळखी ठरावीक समाजांत. तमासगिरांची बोली, त्यांचे वर्षभराचे भटकणे आणि त्यांच्या नावाला चिकटलेला कलंक या तिन्ही गोष्टी आड आल्या. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर काही काळ बंदीही घातली होती.

गंमत अशी, की नेमक्या त्याच काळात तमाशाप्रधान चित्रपटांची लाट आली. १९४७ चा 'लोकशाहीर रामजोशी' लोकप्रिय झाला. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्यात विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. १९७२ च्या 'पिंजरा'ने तर सारे विक्रम मोडले, असे तेव्हाचे प्रेक्षक सांगत. ढोलकी तीच, लावणीचा बाज तोच. पण मुख्य चेहरे बव्हंशी दुसऱ्यांचे. अण्णाभाऊ साठ्यांची तमाशातील नायिका 'वैजयंता' १९६१ मध्ये पडद्यावर आली ती जयश्री गडकरांच्या रूपाने. जयश्रीबाईंनी भूमिका उत्तम केली, यात शंका नाही. अण्णाभाऊंची लेखणी चित्रपटसृष्टीने वारंवार घेतली. पण ज्या माणसांविषयी ते लिहीत, ती माणसे पडद्यावर घेण्याची कल्पना फारशी कोणाच्या मनात आली नाही.

हिंदीतही हेच घडले. अस्पृश्य कन्येची भूमिका १९३६ च्या 'अछूत कन्या'त देविका राणीने केली, १९५९ च्या 'सुजाता'त आपल्या शोभना समर्थांच्या कन्येने, नूतनने. दूरदर्शनसाठी सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये 'सद्गती' केला, त्यात ओम पुरी आणि स्मिता पाटील होते. या सर्वांचा अभिनय खरा होता, हेतू शुद्ध होता. गोऱ्या नटांनी चेहरा काळा करून केलेल्या टवाळीशी त्यांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. सांगायचे ते इतकेच, की दलितांचे दुःख पडद्यावर यायला दीर्घकाळ दुसऱ्याचा चेहरा लागत असे.

येथे एक फरक नोंदला पाहिजे. अमेरिकेत ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने १९१९ पासून आपल्या समाजाचे नट घेऊन, आपल्याच समाजाच्या प्रेक्षकांसाठी चित्रपट काढले. आपल्याकडे तेवढे भांडवल कोणापाशी होते? त्याची जागा येथे जलशांनी घेतली. सत्यशोधक जलसे आणि मागून आंबेडकरी जलसे हाच दलित नटाचा रंगमंच झाला. महूच्या मेळ्यात मी ऐकलेली पथके याच परंपरेतील होती. या परंपरेतून विठ्ठल उमप यांच्यासारखे शाहीर घडले. त्यांचे 'जांभूळ आख्यान' गाजले, २००८ च्या 'टिंग्या'त ते पडद्यावरही दिसले आणि २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवरील कार्यक्रमात, रंगमंचावरच कोसळून त्यांचा अंत झाला.

खरा पालट गेल्या दशकात झाला. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या 'कोर्ट' या चित्रपटात खटल्यात अडकलेल्या लोकशाहिराची भूमिका नागपूरच्या वीरा साथीदार यांनी केली. ते स्वतः आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्ते आणि 'विद्रोही'चे संपादक. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो भारतातर्फे ऑस्करसाठी पाठविला गेला. साथीदार एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. त्यांच्या भूमिकेत अभिनयाचे कसब दाखविण्याचा आटापिटा नाही. न्यायालयाच्या बाकावर बसून राहण्याची त्यांची रीतच पुरेशी बोलते.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' फेब्रुवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. करमाळा तालुक्यातील केम गावच्या सोमनाथ अवघडे या शाळकरी मुलाने त्यात जब्याची भूमिका केली आणि बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. अखेरच्या दृश्यात छळणाऱ्यांवर भिरकावलेला त्याचा दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. मंजुळे यांच्याच २०१६ च्या 'सैराट'ने मासेमाराच्या घरचा नायक उभा केला. अकलूजची रिंकू राजगुरू आणि करमाळ्याकडचा आकाश ठोसर हे दोघेही यापूर्वी पडद्यावर न आलेले. हा चित्रपट शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. ग्रामीण बोली आणि सावळा चेहरा प्रेक्षकाला चालत नाही, हे धंद्याचे जुने गृहीतक त्याने खोटे पाडले. दूरचित्रवाणी मात्र अद्याप मागे आहे. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांच्या चरित्राची मालिका आली आणि घरोघर पाहिली गेली. पण रोजच्या कौटुंबिक मालिकांतील आडनावे आणि दिवाणखाने पाहिले, की महाराष्ट्रात दुसरे कोणी राहत नसावे असे वाटते.

'कलेला जात नसते, मग कलावंताची जात कशाला काढावी?' असा आक्षेप आपल्यापैकी काहीजण घेतील. पूर्वी मीही घेत असे. परंतु बोर्डावर उभे राहणाऱ्याला गाव जात पाहूनच वेशीबाहेर उतरवीत होते, आणि त्याच्या कलेचे मोल झाले तेव्हा पडद्यावरच्या जागा दुसऱ्यांना मिळाल्या. जात काढण्याचे काम इतिहासाने आधीच केलेले आहे. आपण ती लिहिली नाही तर जात नाहीशी होणार नाही, तिने गिळलेली नावे मात्र नाहीशी होतील.

म्हणून एक सूचना करून थांबतो. आपल्या मंडळाने माळव्यातील मराठी घराण्यांची जी माहिती वेळोवेळी जमविली, तीत महूच्या छावणीतील महार पलटणींची कुटुंबे, गिरण्यांच्या कामासाठी इंदूर-उज्जैनला आलेली मराठी माणसे आणि त्यांच्या वस्त्यांतील गायक व जलसेकरी यांचाही समावेश व्हावा. ज्यांनी ती गाणी ऐकली, असे वृद्ध अजून थोडेफार आहेत. त्यांच्याकडे जाऊन नावे टिपून घेण्यास वही आणि दोन रविवार पुरेत. पुढल्या १४ एप्रिलला महूस जाण्याचा माझा विचार आहे; या वेळी व्यवस्थेसाठी नव्हे, ऐकण्यासाठी. कोणास बरोबर यावयाचे असल्यास कळवावे.