लिस्पच्या लूपची गोष्ट: चालतं ते आणि नियमात बसतं ते

दिवाळीच्या सुट्टीत लोह्याला घरी आले होते, तेव्हाचा हा प्रसंग. पीएचडीच्या कामातली एक लांबलचक बेरीज मॅक्झिमा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये करायची होती. मॅक्झिमा आतून कॉमन लिस्प या भाषेत लिहिलेलं आहे, म्हणून बेरजेचा तुकडा मी सरळ लिस्पमध्येच लिहिला. 'लूप' वापरला, त्यात आधी 'व्हाइल' टाकलं आणि त्याच्या खाली 'फॉर'. लॅपटॉपवर मुकाट्याने चाललं. सुट्टीनंतर दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या लिस्पवर तोच प्रोग्राम टाकला, तर इशारा आला: 'फॉर' आधी यायला हवं.

उत्तर दोन्हीकडे सारखंच होतं. पण सरांनी विचारलं, "हा आकडा नियमाने आलाय की नशिबाने?" मला सांगता येईना. म्हणून लूपचे नियम कुठे लिहिलेत ते शोधायला बसले.

लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं. जॉन मॅकार्थी यांनी 1958 मध्ये एमआयटीत लिस्पचं काम सुरू केलं, तेव्हा भर होता रिकर्शनवर, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्यावर. 1962 च्या लिस्प 1.5 च्या मॅन्युअलमध्ये 'प्रोग' दिसतं: ओळीला खूण द्यायची आणि 'गो' म्हणून तिथे उडी मारायची. पुढे एमआयटीच्याच मॅकलिस्पमध्ये 'डू' आलं. त्याचा नियम छोटा आहे, पण कंसांच्या गर्दीत वाचणाऱ्याचा जीव जातो.

दुसरीकडे इंटरलिस्पमध्ये वॉरन टाइटलमन यांनी साध्या इंग्रजी शब्दांचा लूप आणला. त्याच धर्तीवर एमआयटीत 'लूप' तयार झाला. 'आय एकपासून दहापर्यंत घे, प्रत्येकाचा वर्ग गोळा कर' हे जवळजवळ बोलल्यासारखं लिहिता येऊ लागलं. 1980 मध्ये ग्लेन बर्क आणि डेव्हिड मून यांनी त्याच्यावर एक तांत्रिक टिपण काढलं.

मग प्रश्न कुठे आला? बोलल्यासारखी भाषा वापरायला सोपी, पण तिचे नियम लिहायला अवघड. कुठला शब्द कुठल्या शब्दाच्या आधी चालेल? दोन 'फॉर' एकापाठोपाठ आले तर ते बरोबर पुढे सरकतील की एकात एक? असं सगळं लिहायचं तर लूपला स्वतःचं वेगळं व्याकरणच लागतं. शिवाय लिस्पवाल्यांमध्ये दोन तट होते. काहींना लूप आवडायचा, काहींना तो लिस्पसारखा वाटतच नसे.

1984 मध्ये गाय स्टील यांचं कॉमन लिस्पवरचं पुस्तक आलं. त्यात फक्त साधा लूप आहे: कंसातलं काम थांबवेपर्यंत करत राहायचं. कंसाबाहेरचे सुटे शब्द मात्र पुढच्या विस्तारासाठी मोकळे ठेवले होते. एकमत नव्हतं, म्हणून उगाच नियम लादला नाही, फक्त जागा राखून ठेवली. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला.

तोवर लोक मोठा लूप वापरत होतेच. 1986 मध्ये प्रमाणीकरणासाठी एक्सथ्रीजेथर्टीन ही समिती सुरू झाली. 1990 च्या स्टील यांच्या दुसऱ्या आवृत्तीत लूपवर वेगळं प्रकरण आलं, ते जॉन एल. व्हाइट यांनी लिहिलेलं. 1994 मध्ये अमेरिकन प्रमाण मंजूर झालं. हजारावर पानांचा दस्तऐवज, आणि त्याच्या सहाव्या प्रकरणात लूपचं व्याकरण. (त्याच वर्षी आपलं नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही सुरू झालं.) पहिल्या टिपणापासून पक्क्या नियमापर्यंत 14 वर्षं गेली.

माझं उत्तर तिथेच सापडलं. व्याकरण सांगतं: आधी लूपचं नाव असेल तर ते, मग चल ठरवणारी कलमं, मग मुख्य कलमं. 'फॉर' चल ठरवतं, 'व्हाइल' मुख्य कलमात येतं. म्हणजे माझा क्रम नियमाबाहेरचा होता. बरेच कंपायलर तो चालवून घेतात, कारण लोकांना तशी सवय आहे. पण चालवून घेणं वेगळं आणि नियमात बसणं वेगळं.

मी दोन ओळींची अदलाबदल केली आणि पुन्हा चालवलं. आकडे तेच आले. काम पाच मिनिटांचं होतं, कळायला आठवडा लागला.

तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा नुकतंच रजिस्ट्रेशन झालं असेल, तर एक सवय आत्ताच लावून घ्या. प्रोग्राम चालला की वहीत तीन गोष्टी लिहा: कुठल्या आवृत्तीवर चालला, कुठलं गृहीत धरलं, आणि यादी रिकामी असेल किंवा आकडा शून्य असेल तर काय होतं. लूप बनवणारे हुशारच होते, तरी त्यांना नियम कागदावर पक्के करायला 14 वर्षं लागली. आपल्या हातात तर तीन-चारच वर्षं असतात.

सरांच्या प्रश्नाला आता माझ्याकडे उत्तर आहे. नियमाने.