शेतातील अधिवास : जैवविविधतेचे दर्शक

शेतातली प्रत्येक किडामुंगी मोजणे खर्चिक आणि किचकट. म्हणून बांध, झुडपी कुंपणे, गवताळ पट्टे, ओढ्याचा काठ, पडीक तुकडे या अधिवासांच्या नकाशावरून शेतीच्या जैवविविधतेचा अंदाज घेतात. युरोपातील ‘बायोबायो’ प्रकल्पाने (२००९–१२) या दर्शकांची पडताळणी केली. त्यात नकाशावर किमान ४०० चौ. मी.चा तुकडा क्षेत्र म्हणून, तर ५ मी.पेक्षा अरुंद व निदान ३० मी. लांब पट्टा रेषा म्हणून नोंदवत असत. अधिवासांचे प्रकार, सरासरी आकार, झाडझाडोऱ्याचे प्रमाण यांवरून निष्कर्ष निघतात. मात्र नकाशावर हिरवा दिसणारा बांध तणनाशकाने दरिद्री झालेला असू शकतो. त्यामुळे प्रत्येक प्रकारच्या अधिवासातून निवडलेल्या जागी वनस्पती, रानमधमाश्या, कोळी व गांडुळे यांची प्रत्यक्ष मोजणी टाळता येत नाही.