महाविद्यालय, मंडळ आणि खेळाडूंची ‘निवड’ : फिलाडेल्फिया १९३६ ते पुणे २०२२

जुलै २०२२ मध्ये पुण्यात ‘अल्टिमेट खो-खो’ या व्यावसायिक स्पर्धेसाठी खेळाडूंची निवड झाली. ही निवड लिलावाने नव्हे, तर ‘ड्राफ्ट’ पद्धतीने करण्यात आली. संघांनी पाळीपाळीने खेळाडूंची नावे उचलली. मानधन आधीच ठरलेले होते. ‘अ’ गटासाठी ५ लाख, ‘ब’साठी ३ लाख, ‘क’साठी दीड लाख आणि ‘ड’साठी १ लाख रुपये असे ते होते. २४० खेळाडूंपैकी १४३ जणांना सहा संघांत स्थान मिळाले. ही पद्धत मूळची अमेरिकेची. तिचे पुण्यातील रूप मूळ रूपापेक्षा कोठे वेगळे पडते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये या पद्धतीचा जन्म एका गरजू संघमालकाच्या तक्रारीतून झाला. मिनेसोटा विद्यापीठाच्या स्टॅन कोस्टका या खेळाडूसाठी फिलाडेल्फिया ईगल्स आणि ब्रुकलिन या संघांत चढाओढ लागली आणि तो ब्रुकलिनकडे गेला. ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये असा प्रस्ताव मांडला की, आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला निवडीचा पहिला मान मिळावा. त्यानुसार ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियात पहिली निवड झाली. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत ८१ विद्यार्थी-खेळाडू निवडले. तळाशी असलेला संघ खुद्द बेल यांचाच होता, हे येथे नमूद करावयास हवे. पहिले नाव निघाले शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगर याचे. मात्र मागितलेले मानधन न मिळाल्याने तो व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही.

दुर्बळ संघांस आधार हा या पद्धतीचा सांगितला जाणारा हेतू. तथापि तिची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एका खेळाडूशी बोलणी करण्याचा अधिकार एकाच संघाकडे राहिल्याने मानधन आपोआप आवाक्यात राहते. जेम्स स्मिथ या खेळाडूने दाखल केलेल्या दाव्यात १९७६ मध्ये न्यायालयाने तत्कालीन पद्धत स्पर्धाविरोधी ठरविली. १९७७ च्या करारात खेळाडू-संघटनेने संमती दिल्यावरच तिला कायदेशीर आधार लाभला. शिवाय १९३४ ते १९४५ या काळात या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूच नव्हते. जॉर्ज टॅलियाफेरो या कृष्णवर्णीय खेळाडूची निवड व्हावयास १९४९ साल उजाडले. समान संधीची भाषा करणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये.

या साऱ्या व्यवस्थेचा पाया महाविद्यालय हा आहे. विद्यार्थ्याच्या तुकडीचा पदवीकाल पूर्ण होण्यापूर्वी त्यास घेऊ नये, असा नियम लीगने १९२६ मध्येच केला होता. महाविद्यालयाने खेळाडू घडवावा आणि लीगने तो विनामूल्य न्यावा, अशी ही वाटणी आहे.

पुण्यात हा पायाच निराळा आहे. खो-खोच्या नियमबांधणीचे काम १९१४ मध्ये येथील डेक्कन जिमखान्यात सुरू झाले. १९३६ मध्येच, म्हणजे फिलाडेल्फियातील निवडीच्या वर्षीच, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. आपल्याकडे खेळाडू घडतो तो शाळेच्या पटांगणावर आणि सायंकाळी मंडळाच्या मैदानावर. महाविद्यालय त्याला आंतरविद्यापीठ स्पर्धेची पात्रता देते, क्वचित प्रवेशात सवलत देते. पुढे रेल्वेसारख्या आस्थापनेत नोकरी लागली की त्याचे भागते. म्हणजेच अमेरिकेत जे स्थान महाविद्यालयाचे, ते येथे मंडळाचे. वर्गणीवर चालणाऱ्या, मानधनाविना शिकविणाऱ्या या मंडळांचा उल्लेख निवडीच्या वृत्तांत अभावानेच आढळतो. जागतिक फुटबॉलमध्ये खेळाडू घडविणाऱ्या क्लबला प्रशिक्षण-भरपाई देण्याची तरतूद आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते आपल्या मंडळांच्या संदर्भात अनुकरणीय आहे ती हीच तरतूद. अमेरिकेचे उदाहरण येथे उपयोगी पडत नाही.

ठरलेल्या मानधनाचा लाभ कोणाला, हा प्रश्नही उरतोच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव झाला आणि पवन सेहरावत याच्यावर २ कोटी २६ लाखांची बोली लागली. खो-खोची कमाल मर्यादा ५ लाखांची. नव्या लीगची आर्थिक ताकद बेताची, हे मान्य केले तरी अंतर डोळ्यांत भरते. ड्राफ्टमधील तळाच्या खेळाडूला मात्र किमान १ लाखाची शाश्वती होती आणि आपली किंमत चारचौघांत पुकारली जाण्याचा अवघडलेपणा त्याच्या वाट्याला आला नाही. महाविद्यालयीन वाचकांस विशेष वाटेल अशी बाब म्हणजे, कबड्डीच्या त्या लिलावात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम फेरीतील दोन संघांचे २४ विद्यार्थीही समाविष्ट होते. विद्यापीठातून थेट व्यावसायिक मैदानावर, हा अमेरिकन मार्ग असा लिलावाच्या दाराने आला आणि ड्राफ्ट आला तो मंडळांच्या खेळात!

पहिल्या हंगामाचे सर्व सामने म्हाळुंगे-बालेवाडी येथील क्रीडासंकुलात झाले, परंतु सहा संघांत पुण्याच्या नावाचा एकही संघ नव्हता. पुण्याचा प्रतीक वाईकर तेलुगू योद्धाज् संघाकडून खेळला. ४ सप्टेंबर २०२२ च्या अंतिम सामन्यात हा संघ ओडिशा जगरनॉट्सकडून ४५-४६ असा एका गुणाने पराभूत झाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघाचा कर्णधार तोच होता. त्याच वेळी विश्वविजेत्या ठरलेल्या महिला संघाचे नेतृत्व प्रियांका इंगळे हिच्याकडे होते. २०२२ च्या पुण्यातील त्या निवडीत मात्र एकाही महिला खेळाडूचे नाव नव्हते.