गंगाराम, सर

(१३ एप्रिल १८५१–१० जुलै १९२७). पंजाबातील स्थापत्य अभियंता, वास्तुकार आणि दानशूर जमीनदार. जन्म मांगटांवाला (आता पाकिस्तानात) येथे. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात शिकून ते शिष्यवृत्तीवर रुडकीच्या टॉमसन कॉलेजात गेले व १८७३ मध्ये सुवर्णपदकासह उत्तीर्ण झाले. सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करताना पाणीपुरवठा व सांडपाण्याची व्यवस्था शिकण्यासाठी ते इंग्लंडलाही जाऊन आले.

लाहोरचे कार्यकारी अभियंता म्हणून त्यांनी सुमारे १२ वर्षे काम केले. मुख्य टपाल कचेरी, वस्तुसंग्रहालय, एचिसन कॉलेज अशा इमारती त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. मात्र हे श्रेय चाळून घ्यावे लागते. संग्रहालयाचा आराखडा भाई राम सिंग व लॉकवुड किपलिंग यांचा, उभारणी गंगाराम यांच्या देखरेखीखाली झाली. त्या काळी खात्यातला अभियंता अंदाजपत्रकापासून कमानीच्या विटेपर्यंत सगळ्याला जबाबदार असे, त्यामुळे कागदावरची रेघ कुणाची आणि भिंत कुणाची, हा भेद लोकांच्या स्मरणात पुसट झाला.

१९०३ मध्ये सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनी पतियाळा संस्थानची बांधकामे सांभाळली. त्यांची खरी प्रतिभा मात्र शेतीत दिसते. कालव्याचे पाणी चढत नाही म्हणून ओसाड पडलेली माँटगोमेरी जिल्ह्यातील हजारो एकर सरकारी जमीन त्यांनी खंडाने घेतली आणि पंपांनी पाणी वर उचलून ती भिजवली. त्यासाठी रेनाला खुर्द येथे कालव्यावरच सुमारे १ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र उभारले (१९२५). गंगापूर गावापासून बुचियाना स्थानकापर्यंत त्यांनी टाकलेल्या रुळांवरून घोड्याने ओढलेली गाडी धावे.

मिळकतीचा मोठा वाटा त्यांनी दान केला. विधवाविवाहास साहाय्य करणारी सभा (१९१४), लाहोरचे रुग्णालय (१९२१) व विश्वस्त निधी (१९२३) ही त्यांतील प्रमुख कामे. १९२२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

फाळणीच्या दंगलीत लाहोरमधील त्यांच्या पुतळ्यावर जमाव चालून गेल्याची उपरोधिक लघुकथा सआदत हसन मंटो यांनी लिहिली आहे. पुतळ्याला जोड्यांचा हार घालू पाहणारा जखमी होतो आणि त्याला गंगाराम रुग्णालयातच नेतात. लाहोरचे हे रुग्णालय त्याच नावाने अजून चालू आहे; दिल्लीतील सर गंगाराम रुग्णालयाचे उद्घाटन १९५४ मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले.