काठी मोडण्याचे भय आणि गोल्फचे नियम

स्कॉटलंडमधील लीथ येथे १७४४ साली एडिंबरा नगरीने दिलेल्या रौप्य काठीसाठी स्पर्धा भरली आणि तिच्या निमित्ताने तेरा कलमांची एक नियमावली लिहिली गेली. गोल्फचे आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने लिखित नियम. त्यांतील दोन कलमांत काठी मोडण्याचा विचार स्पष्टपणे आलेला आहे. पहिले असे, की चेंडूजवळचे दगड, हाडे किंवा ‘ब्रेक क्लब’ हलवायचे नाहीत. अपवाद फक्त हिरवळीचा, तोही चेंडूपासून एका काठीच्या अंतरात. ‘ब्रेक क्लब’ म्हणजे काठी मोडू शकेल असा अडथळा. दुसरे कलम त्याहून कठोर आहे: फटक्यासाठी उगारलेली काठी खाली येताना मोडली, तरी तो फटका खेळला गेला असेच धरावे.

या कठोरपणाचा अर्थ कळण्यासाठी तेव्हाची साधने आठवावी लागतात. काठ्या लाकडी होत्या, त्यांची डोकी लांबट व माने नाजूक. चेंडू चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून भरलेला, आणि महागडा. लोखंडी पात्याचा घाव चुकीचा बसला तर चामडे फाटे. म्हणून लोखंडी काठ्या मोजक्याच असत आणि गाडीच्या चाकोरीत किंवा खडकाळ जागी चेंडू अडकला तरच बाहेर निघत. अवघड जागेतून चेंडू सोडवायचा, तर लाकूड वापरल्यास काठीची भीती आणि लोखंड वापरल्यास चेंडूची. जिथे पडला तिथूनच खेळावे, हे तत्त्व अशा परिस्थितीत पाळले जात होते.

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. तो स्वस्त आणि टणक होता. लोखंडाला आता चेंडूची भीती उरली नाही. उलट या टणक चेंडूच्या आघाताने लाकडी डोकीच झिजू व तडकू लागली. पुढे हिकरीच्या दांड्याची जागा पोलादाने घेतली. ब्रिटनमध्ये त्याला १९२९ साली मान्यता मिळाली, अमेरिकेत त्याआधीच. काठ्या वाढत गेल्या, तेव्हा अमेरिकेने १९३८ साली आणि ब्रिटनने १९३९ साली चौदाची मर्यादा घातली. मोडलेल्या काठीचा प्रश्न त्यामुळे नव्या रूपात उभा राहिला: उरलेल्या फेरीत खेळाडूने तेरा काठ्यांवर भागवावे काय?

पोलादामुळे धोका संपला नाही. १९९९ च्या पीजीए स्पर्धेत मेडिना येथे अखेरच्या फेरीत एकोणीस वर्षांच्या सर्जिओ गार्सियाचा चेंडू झाडाच्या मुळांमध्ये पडला. त्याने डोळे मिटून फटका मारला. चेंडू हिरवळीवर पोहोचला, पण विजेतेपद एका फटक्याने टायगर वुड्सकडे गेले. २००७ च्या मास्टर्समध्ये अखेरच्या दिवशी अकराव्या होलवर झाडाशेजारून खेळताना वुड्सच्या काठीचा दांडा खोडावर आपटून मोडला. आणि २०१५ साली त्याच मैदानावर, नवव्या होलवर, पाइनच्या वाळक्या पानांखालच्या मुळावर काठी आदळली. या वेळी काठी मोडली नाही. दुखावले ते मनगट. दांडा जितका बळकट, तितका आघात हातांपर्यंत पोहोचतो.

नियमांनीही या बदलाची दखल घेतली. २०१९ पूर्वी सामान्य खेळात मोडलेली काठी बदलता येई. २०१९ च्या फेररचनेत ती सवलत बहुतांशी काढून घेतली गेली: मोडकी काठी वापरत राहा, पण नवी घेऊ नका. २०२३ मध्ये बदलाची मुभा परत आली. अट एकच, खेळाडूने रागाने आपटून किंवा गैरवापर करून ती मोडलेली नसावी.

लीथच्या नियमकर्त्यांना काठी का मोडली याच्याशी कर्तव्य नव्हते. परिणाम खेळाडूने सोसायचा, एवढेच त्यांनी ठरवले. आजचा नियम हेतू विचारतो. धाडसाला तो क्षमा करतो, संतापाला नाही. हा बदल न्याय्य आहे, असे मला वाटते. मात्र एक गोष्ट त्याने हलकी केली: पूर्वी मुळांतून फटका मारणारा माणूस आपल्या हातचे साधन पणाला लावत असे. एका दंडाच्या फटक्यावर चेंडू उचलून सुरक्षित जागी ठेवण्याचा मार्ग आज खुला आहे. तो नाकारणाऱ्याला आता काठीचा विचार करावा लागत नाही. मनगटाचा मात्र करावाच लागतो, कारण ते बदलून देणारे कलम कोणत्याही नियमावलीत नाही.