पेनल्टी चुकलेला कप्तान

बेंगळुरूच्या पोस्टिंगला आता दीड वर्ष होत आलं. हलसूर भागात संध्याकाळी फिरायला निघालं की गल्लीत क्रिकेटइतकाच फुटबॉल दिसतो. गौतमपुरात तर पेलेचा पुतळाच उभा आहे. हा खेळ इथे छावणीबरोबर आला. गोऱ्या पलटणी खेळायच्या, वस्तीतली पोरं बघून शिकायची. आणि शिकली ती अशी, की १९३७ मध्ये आपल्या मुंबईचा रोव्हर्स कप जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला बेंगळुरूचा, बंगलोर मुस्लिम्स.

गेल्या महिन्यात क्वार्टरमधल्या मुलांची मॅच होती. माझा मुलगा बारा वर्षांचा. शेवटच्या पाच मिनिटांत पेनल्टी मिळाली, ती त्याने बाहेर मारली. मॅच २-१ ने गेली. समोरच्या पोरांशी हात न मिळवता तो तसाच बाहेर आला, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "एवढंही जमलं नाही?" त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर गेला नाही.

रोज फिरायला येणारे एक निवृत्त सुभेदार साहेब हे सगळं बघत होते. मला बाजूला घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "अड़तालीस में पेनल्टी किसने मिस की थी, मालूम है?"

मला माहीत नव्हतं. घरी येऊन वाचत बसलो.

३१ जुलै १९४८. लंडन ऑलिंपिक, समोर फ्रान्स. स्वतंत्र भारताचा हा पहिलाच ऑलिंपिक सामना. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. फ्रान्सने आधी गोल केला. ७०व्या मिनिटाला बेंगळुरूच्या सारंगपाणी रामनने बरोबरी साधली. आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या, दोन्ही वाया गेल्या. एक शैलेन मन्नाने चुकवली, दुसरी महावीर प्रसादने. ८९व्या मिनिटाला फ्रान्सने दुसरा गोल केला आणि आपण २-१ ने हरलो.

मन्नाचं पुढे काय झालं? १९५१ मध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. अंतिम सामन्यात इराणला १-० ने हरवून भारताने सुवर्णपदक घेतलं. त्या संघाचा कप्तान होता शैलेन मन्ना. पेनल्टी चुकवणाऱ्याला काढून टाकलं नाही, त्याच्याच हातात संघ दिला.

पुढच्याच वर्षी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने चिरडलं. थंडी, ओलं मैदान आणि बरेच पाय पुन्हा अनवाणी. पण त्या १०-१ मधला 'एक' कुणाचा? बेंगळुरूच्या अहमद खानचा, तोही ८९व्या मिनिटाला. दहा गोल अंगावर झाल्यावरही तो गडी गोलपोस्टकडे धावत होता. त्या गोलाने निकाल बदलणार नव्हता, तरी त्याने मैदान सोडलं नाही.

त्या हाराकिरीतून महासंघही शिकला, बूट सक्तीचे झाले. चार वर्षांनी मेलबर्नला उपांत्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया समोर आला. आपण हरलोच, पण ४-१ ने, आणि स्पर्धेत चौथे आलो. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताची आजवरची सर्वोत्तम कामगिरी तीच.

फौजेत प्रत्येक एक्सरसाइजनंतर आपण बसून बोलतो. काय चुकलं, का चुकलं, पुढच्या वेळी काय करायचं. तिथे जवानाला सगळ्यांसमोर कमी लेखणारा कमांडर चांगला मानला जात नाही. मग पोराच्या बाबतीत मी हे कसं विसरलो?

त्या रात्री मुलाला मन्नाची गोष्ट सांगितली. आधी माझी चूक कबूल केली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, त्याला परत पेनल्टी मारायला देत होते का?"

"ते माहीत नाही. पण कप्तान केलं, एवढं नक्की."

रविवारी तो ग्राउंडवर गेला. ज्यांच्याकडून हरला होता, त्यांच्या कप्तानाला आधी हात मिळवून आला. मग बॉल त्या खुणेवर ठेवला आणि मला म्हणाला, "बाबा, तुम्ही गोलकीपर."

पाचपैकी दोन त्याने पुन्हा बाहेर मारल्या. मी काही बोललो नाही, बॉल आणून परत त्याच्या पायाशी ठेवला.

जय हिंद.